खडूचा दोष

ओल्डम, ९ सप्टेंबर १९७१

प्रिय क्लिफर्ड,

पाकिटावर माझं नाव बघून तू दचकला असशील. नाताळच्या कार्डापलीकडे आपण दोघं भाऊ एकमेकांना काही लिहीत नाही, आणि सप्टेंबरात नाताळ येत नाही. पण काम स्नूकरचं आहे. वीस वर्षं तू मोरकॅमला बिलियर्ड हॉल चालवलास, तेव्हा तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

जून महिन्यापासून माझ्या क्यूचं, म्हणजे काठीचं, टोक पांढऱ्या चेंडूवरून निसटतं. अगदी सोप्या फटक्याला. टक् असा घाणेरडा आवाज येतो आणि पांढरा चेंडू दारूड्यासारखा भलतीकडे जातो. गेल्या गुरुवारी रॉयटनवाल्यांशी सामना होता. काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी बसलेला. माझ्या बायकोनं, हिल्डानं, छत्रीच्या टोकानं ढकलला असता तरी गेला असता. माझा हुकला. मी क्लबाचा कप्तान, बावन्न वर्षांचा बाप्या, आणि रॉयटनचं एक टोळकं खिदळत होतं.

टोकावरचं चामडं मी दोनदा बदललं. क्यू सरळ आहे, टेबलावर लोळवून पाहिला. राहिला खडू. आमच्या क्लबात हिरवा ठोकळा असतो, ओल्या बिस्किटासारखा भुगा होतो त्याचा. सिरिल टेटलो म्हणतो, "खडूला कशाला शिव्या देतोस? तेवीस वर्षं ह्याच खडूनं जिंकलास." सिरिल आमच्या टेबलाची निगा राखतो, त्यावरची हिरवी बनात इस्त्री करतो, त्यामुळे त्याला वाटतं त्याचं सगळं सामान पवित्र.

तर कुठला खडू घेऊ? हिरवा की निळा? कडक की मऊ? खरं काय ते सांग.

हिल्डा आठवण काढते.

तुझा,
एडगर

•

मोरकॅम, १४ सप्टेंबर १९७१

प्रिय एडगर,

पत्र मिळालं. अक्षर फार बारीक झालंय तुझं. शाई महागली का ओल्डमला?

खडूबद्दल सांगतो. पहिली गोष्ट, त्याला खडू म्हणतात एवढंच, त्यात फळ्यावरचा खडू नसतो. बारीक वाळूसारखी पूड दाबून केलेली असते. ती चामड्याला खरखरीत करते म्हणून क्यू चेंडू धरतो. मऊ खडू चामड्यावर चटकन बसतो, पण चेंडूवर डाग सोडतो. डाग दोन चेंडूंच्या मध्ये आला की चेंडू ठेच लागल्यासारखा उडतो. कडक खडू डाग सोडत नाही, पण घाई करणाऱ्याच्या हाती बसत नाही. हिरवा बनातीवर दिसत नाही म्हणून क्लबवाले तो ठेवतात, ह्यापलीकडे रंगाला अर्थ नाही.

खडू गिरमिटासारखा गरगर फिरवू नकोस. बुटाला पॉलिश करतात तसा अलगद, एका बाजूनं. टांगलेल्या कोटाच्या खिशात ठेवू नकोस, तो तिथे ओल धरतो. विजारीच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव.

दोन ठोकळे पाठवतोय. निळा आधी वापर. प्रत्येक फटक्याआधी बारा वेळा घास. मोजून बारा. हळू. सवय लागायला महिना जाईल, तोवर धीर सोडू नकोस.

क्लिफर्ड

•

ओल्डम, २४ ऑक्टोबर १९७१

प्रिय क्लिफर्ड,

निळा वापरला. बारा वेळा घासतो. पहिला आठवडा मला वाटलं, जमलं! चाळीसची खेळी झाली. मग पुन्हा तेच. आता तर हात पुढे जायलाच तयार नसतो, मी वाकून उभा असतो आणि हात कुणा दुसऱ्याच्या परवानगीची वाट बघत असतो.

शिवाय बारा वेळा घासण्याचं फळ असं, की क्लबात मला "मास्तर" म्हणायला लागलेत. मी खडू काढला की कुणीतरी ओरडतं, "गप्प बसा रे, मास्तर आले!" परवा फ्रँक बार्लोनं विचारलं, "मास्तर, फळा पुसू का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

हिल्डा म्हणते आखडलेला खांदा डॉक्टरला दाखव. सकाळी चहा बशीत सांडतो, त्यावरून तिनं धोशा लावलाय. मी म्हटलं, चहा सांडला म्हणून डॉक्टर? तू काय म्हणतोस? दाखवू का?

एडगर

•

मोरकॅम, २८ ऑक्टोबर १९७१

प्रिय एडगर,

डॉक्टरला स्नूकरमधलं काय कळतं? तो खांद्याला मलम देईल आणि म्हणेल सहा महिने खेळू नका. सहा महिन्यांनी तुझी कप्तानी दुसऱ्याकडे गेलेली असेल. हिल्डाला सांग, पन्नाशीनंतर चहा सगळ्यांचाच सांडतो.

तुझा दोष खडूचा आहे. निळा तुला मानवला नाही, एवढंच. सोबत एक कडक ठोकळा पाठवतोय, माझ्या हॉलच्या जुन्या साठ्यातला, आता असा मिळत नाही. बारा नाही, वीस वेळा घास.

एक गोष्ट विचारतो, राग मानू नकोस. सामन्यात तुझा ठोकळा टेबलाच्या कडेवर असतो ना? तिथे कुणाकुणाचा हात पोचतो? माझ्या हॉलमध्ये मी पाहिलंय. खडूवर मेणाचं बोट फिरवलं तर दिसत काही नाही, पण चामडं साबणासारखं निसटतं. क्लबाचं खडूचं सामान कुणाकडे असतं म्हणालास?

क्लिफर्ड

•

ओल्डम, २० फेब्रुवारी १९७२

प्रिय क्लिफर्ड,

तुझे उपकार कसे फेडू?

तुझं ते वाक्य माझ्या डोक्यात चार महिने फिरत होतं. मी नजर ठेवली. तुझा कडक खडू मी क्लबातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो आणि डबा सिरिलच्या ताब्यात. खाणकामगारांच्या संपामुळे इथे पाळीपाळीनं वीज जाते. मंगळवारी संध्याकाळी सहाला गेली, नऊला आली. दिवे लागल्यावर मी डबा उघडला, तर माझ्या ठोकळ्याच्या एका कोपऱ्यावर मेण! नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला.

तेवढ्यात सिरिल माझ्याजवळ आला, बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एडगर, दोन मिनिटं बाहेर चल. तुझ्या हाताबद्दल बोलायचंय."

मी म्हटलं, "माझ्या हाताबद्दल? आधी तुझ्या हाताबद्दल बोलू!" आणि ठोकळा सगळ्यांसमोर धरला.

तो म्हणाला, "अरे बाबा, वीज गेली होती. मेणबत्त्या त्याच फळीवर लावल्या होत्या मी."

"आणि जून महिन्यात? तेव्हा कुठली वीज गेली होती?"

त्यानं डबा बंद केला. मग म्हणाला, "तेवीस वर्षं मी तुझा क्यू पुसतोय, एडगर." मी म्हटलं, "पुसतोस, का मेण घासतोस?" लोक हसले. बऱ्याच महिन्यांनी ते माझ्याबरोबर हसले.

शुक्रवारी कमिटी बसली. मी कप्तान, माझा शब्द चालला. सिरिलचं नाव सभासदांतून काढलं. त्यानं भांडण केलं नाही. इस्त्री आणि ब्रश टेबलावर ठेवले, टोपी घातली आणि गेला. बायको गेल्यापासून त्याला क्लबाखेरीज घर नव्हतं, हे मला माहीत आहे. पण त्यानं ते आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

आता एप्रिलमध्ये क्लबाच्या चषकाचा अंतिम सामना. कप्तान म्हणून मला थेट उपांत्य फेरीत जागा मिळाली आणि समोरचा खेळाडू पाय मुरगळून बसला, म्हणून न खेळताच अंतिम सामन्यात पोचलो. नवा खडू पाठव, कुणाचाही हात न लागलेला.

तुझाच,
एडगर

•

मोरकॅम, २५ फेब्रुवारी १९७२

प्रिय एडगर,

केलंस ते ठीक केलंस. खडू सोबत आहे, बंद डब्यात.

अंतिम सामना शनिवारी दुपारी असेल तर मी येईन. तुझ्या कप्तानीतला एकही सामना मी पाहिलेला नाही. बाबा म्हणायचे, एडगरला टेबलाशी वाकलेला पाहणं म्हणजे चर्चमध्ये जाण्यासारखं आहे. पाहावं म्हणतो एकदा.

लोक भरपूर बोलाव.

क्लिफर्ड

•

ओल्डम, १७ एप्रिल १९७२

क्लिफर्ड,

तू आला होतास. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, करडा कोट. मी तुला पाहिलं. सामना संपल्यावर मी तुला शोधलं तर तुझी खुर्ची रिकामी.

तू सगळं पाहिलंस, तेव्हा मी काय सांगू? तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. पहिल्या डावात सात गुण. दुसऱ्यात पांढरा चेंडू दोनदा टेबलाबाहेर. तिसऱ्यात मी वाकलो आणि माझा हात थांबला. थांबला म्हणजे थांबला, क्लिफर्ड. मी त्याला म्हणत होतो चल, आणि तो दुसऱ्याच्या खांद्याला लावलेला असावा तसा लोंबत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तास संपला!" मग क्यू माझ्या हातातून पडला. तो उचलायला वाकलो तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि मी गुडघ्यावर आलो. कमिटीचा चेअरमन जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "एडगर, शनिवारी दुपारी तरी पिऊन यायचं नाही रे."

मी थेंबही घेतला नव्हता. हिल्डा पहिल्या रांगेत होती. तिनं उठून माझा कोट आणला.

तुझा खडू बंद डब्यातला होता. सिरिल तिथे नव्हता. मग हे कसं झालं?

एडगर

•

मोरकॅम, २१ एप्रिल १९७२

एडगर,

खडू सगळे चांगले होते. मी एकही वाईट पाठवला नाही. माझ्या हॉलमध्ये तसा माल कधी नव्हता.

तुझी सप्टेंबरपासूनची सगळी पत्रं आता माझ्यासमोर आहेत. ओळ सुरू होते तेव्हा अक्षर माणसाचं असतं, ओळ संपते तेव्हा मुंगीचं. पहिलं पाकीट उघडण्याआधीच मी ओळखलं होतं. 'मोरकॅम' शब्दाचं शेवटचं अक्षर वाचायला पोस्टमननं भिंग घेतलं असेल. बाबांची पत्रं अशीच व्हायला लागली होती, बावन्न साली.

तुला हे कळलं नाही, कारण तू ते पाहिलंच नाहीस. सहा वर्षं. मी तुला लिहिलं, बाबांचा हात थरथरतो. तू लिहिलंस, म्हातारपणी थरथरायचाच. मी लिहिलं, ते चालताना दारात अडकून उभे राहतात. तू लिहिलंस, रॉयटनला हरवलं. मी त्यांची दाढी केली, शर्टाची बटणं लावली, चमच्यानं सूप भरवलं, त्यातलं निम्मं परत माझ्या बाहीवर आलं. मीही खेळायचो, एडगर, तुझ्याइतकाच, कदाचित बरा. सराव सुटला. डोरीननं तीन वर्षं वाट पाहिली आणि एका बस कंडक्टरशी लग्न केलं. तू आलास तो दफनाला, नव्या बुटात.

बाबांच्या त्या आजाराला कंपवात म्हणतात. तुलाही तोच झालाय. आता त्यावर औषधही निघालंय म्हणे, मी पेपरात वाचलं, बरंच आधी.

मला वाटलं होतं, तुला पडताना पाहून मला वाईट वाटेल. खांबाआड बसून मी वाट पाहिली. वाटलं नाही. मग गाडीची वेळ झाली.

क्लिफर्ड

•

ओल्डम, २८ मे १९७२

क्लिफर्ड,

उत्तर द्यायला महिना लागला. मँचेस्टरच्या इस्पितळात होतो. तुझं निदान बरोबर निघालं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, गेल्या जूनपासून. ते म्हणाले, "मग इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, "खडू बदलत होतो." त्यांना वाटलं माझं डोकंही गेलं.

गोळ्या सुरू झाल्यात. मळमळतं, पण हात निम्मा परत आलाय. हे पत्र मी स्वतः लिहितोय. डॉक्टर म्हणतात, आजार जाणार नाही, पण शरद ऋतूतच आलो असतो तर हे एवढं वर्ष तरी माणसासारखं गेलं असतं. ते वर्ष तू घेतलंस. मी ओरडणार नाही. पण एक कागद सोबत जोडतोय, तो वाच.

तो बाबांनी मला त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये लिहिला. अक्षर तुला ओळखू येईल. वाचायला त्रास झाला तर इथे उतरवून देतो:

"एडगर, तू ईस्टरला यायचं म्हणतोस. येऊ नकोस. मी आता पाहण्यासारखा राहिलेलो नाही, आणि तू पाहावंस हे मला सोसणार नाही. तुझ्या डोळ्यांत मी टेबलापाशी उभा असलेला राहू दे. इथे क्लिफर्ड आहे. त्यानं पाहिलं काय, न पाहिलं काय, त्याचं मला काही वाटत नाही. त्याला हे सांगू नकोस, उगाच तोंड पाडून बसेल."

मी आलो नाही तो ह्यामुळे. दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन परतलो. तू मला नालायक म्हणत राहिलास, मी म्हणू दिलं. वाटलं, तू मला वाईट समजलास तर परवडलं, पण हा कागद तुझ्या हाती पडू नये. एकोणीस वर्षं तो मी टिपकागदाखाली लपवला. आता लपवण्याचं कारण उरलं नाही.

एक काम कर. सिरिलला लिही. मी तीनदा त्याच्या दारात गेलो, तो उघडत नाही. मेणाची गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली आणि का निघाली, ते तुझ्या हातानं लिही आणि खाली पूर्ण नावानिशी सही कर. त्या दिवशी तो मला जे सांगायला आला होता, ते मी ऐकलं असतं तर...

एडगर

•

मोरकॅम, १९ जून १९७२

प्रिय एडगर,

कागद मिळाला. अक्षर त्यांचंच आहे. मी तीनदा वाचला, मग दिवस कसा गेला मला सांगता येणार नाही. दुकानात गेलो होतो असं वाटतं, कारण घरी दोन पाव निघाले.

त्या सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलं नाही. मी समोर बसून भरवत असायचो आणि ते खिडकीकडे बघायचे. मला वाटायचं, आजारानं मान वळत नसेल.

सिरिलला लिहिलं. काही लपवलं नाही. डॉक्टरकडे जाऊ नकोस हे मी तुला सांगितलं, तेही लिहिलं. क्लबाचा पत्ता घातला नाही, त्याच्या घरी पाठवलं.

आता माझं ऐक. हा आजार पुढे कसा जातो हे मला ठाऊक आहे, तुझ्या डॉक्टरांपेक्षा जास्त. हिल्डाला तू पडल्यावर उचलता येणार नाही. उचलण्याची एक पद्धत आहे, काखेखालून, ती मला येते. मला इथे अडवायला कुणी नाही. पुढच्या रविवारी अकराच्या गाडीनं येतो. क्षमा मागायला येत नाही, ती मागण्याजोगं मी काही ठेवलेलं नाही. काम करायला येतो. कोपऱ्यात खाट टाकली तरी चालेल.

तुझा भाऊ,
क्लिफर्ड

•

ओल्डम, २२ जून १९७२

क्लिफर्ड,

सिरिल काल क्लबात आला. तुझं पत्र त्यानं बारपाशी उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मागच्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. मी बसलो होतो. वाचून झाल्यावर त्यानं पत्राची घडी केली, कोट काढला आणि बनात इस्त्री करायला घेतली. माझ्याशी बोलला नाही. बोलेल असं वाटत नाही. मी जाताना मात्र दार धरून उभा राहिला, कारण मला त्या दारातून निघायला आता वेळ लागतो.

तुझी सगळी पत्रं हिल्डानं वाचली. ती म्हणते, तो माणूस उंबऱ्यावर दिसला तर मी बहिणीकडे जाईन. पण तिच्यावर ढकलत नाही, मी माझंच सांगतो.

पुढे मला भरवावं लागेल. बटणं लावावी लागतील. पडल्यावर उचलावं लागेल. तुला ते सगळं चांगलं येतं, ह्यात मला शंका नाही. बाबांचं वेगळं होतं. तू पाहिलंस काय, न पाहिलंस काय, त्यांना फरक पडत नव्हता. मला पडतो. तू खांबाआड बसून किती वेळ पाहत होतास, ते मला माहीत आहे.

रविवारच्या गाडीनं येऊ नकोस. कुठल्याच गाडीनं येऊ नकोस.

एडगर